बटण अर्धं दाबायचं नाही

३ ऑगस्ट
मेहुण्याने कपाट आवरताना सापडलेला जुना कॅमेरा आज आणून दिला. खिशात मावणारा, रोलचा, ऑटोफोकस. देताना म्हणाला, भाऊजी, फोन काही तुम्हाला जमत नाही, हा जमतोय का बघा. मी हसण्यावारी नेलं. घरातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो हाच पठ्ठ्या काढतो आणि पुढे कित्येक दिवस त्याचं कौतुक ऐकावं लागतं. ते आता बंद.

लेक चोवीस तारखेला नोकरीसाठी परगावी चालली आहे. पहिल्यांदाच घराबाहेर. तिला एकच गोष्ट हवी आहे, टेबलावर ठेवायला तिचा आणि आजीचा, म्हणजे माझ्या आईचा, एक फोटो. हातात धरता येईल असा, कागदावरचा. आईचा आजवर एकही धड फोटो नाही. एकात डोळे मिटलेले, दुसऱ्यात अर्धी कापलेली. हा फोटो मी काढणार. जेवताना जाहीर केलं.

ही म्हणाली, आधी प्लंबरला फोन करा, हॉलच्या भिंतीची ओल वाढत चालली आहे. हिला कलेची आवडच नाही.

५ ऑगस्ट
मॅन्युअल चाळलं. जाडजूड. ऑटोफोकस म्हणजे फोकस आपोआप. जे आपोआप होतं त्याला एवढी पानं कशाला? हॉलमधल्या कपाटाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मॅन्युअल सारलं. कपाट डुगडुगायचं थांबलं. छापणाऱ्याचे कष्ट वाया गेले नाहीत.

शिवाय मी चष्म्याच्या दुकानाचा मॅनेजर आहे. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून उभा जन्म काउंटरमागे गेला. फोकस म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये.

प्लंबर: उद्या.

७ ऑगस्ट
लेकीने कपाटाखालून मॅन्युअल ओढून काढलं आणि सगळं वाचलं. कपाट पुन्हा डुगडुगलं. मग मला धडा द्यायला बसली. म्हणे, बाबा, कॅमेरा फक्त मधल्या चौकटीत जे असेल त्याच्यावर फोकस करतो. दोन माणसं शेजारी बसली आणि चौकट त्यांच्या मधल्या फटीत पडली, की तो मागची भिंत पकडतो आणि माणसं धूसर येतात. म्हणून आधी चौकट एका चेहऱ्यावर धरायची, बटण अर्धं दाबायचं, तसंच दाबून ठेवून कॅमेरा हवा तिकडे वळवायचा आणि मग पूर्ण दाबायचं.

मी शांतपणे ऐकून घेतलं. मग सांगितलं, बाळ, अर्धवट कामाचा मला तिटकारा आहे. दाबायचं तर पूर्ण दाबायचं.

स्वयंपाकघरातून आवाज आला की प्लंबरचा नंबर तर अर्धाच दाबून ठेवून दिलात. विषय काय, ही बोलते काय.

मॅन्युअल परत कपाटाखाली.

९ ऑगस्ट
दुकानात सराव. डोळे तपासून नंबर काढणाऱ्या बाई आणि काचा बसवणारे काका यांना फ्रेमच्या शोकेसपुढे शेजारी शेजारी उभं केलं. खटकन आवाज, पाठोपाठ मोटरची घुर्र. काय आवाज आहे! फोनला असा आवाज नाही. बाईंनी विचारलं, फोटो बघू? म्हटलं, ही कला आहे, लगेच दिसत नाही. एक गिऱ्हाईक तेवढ्यात कंटाळून निघून गेलं. गिऱ्हाइकं काय, येतील.

अर्धा रोल खर्ची पडला, पण एकूण हात बसला.

१३ ऑगस्ट
लेक म्हणते, रोल अर्धा झालाय तेवढाच काढून धुवायला देऊ, फोटो कसे येतायत ते कळेल. चूक असेल तर मी जायच्या आत सुधारता येईल.

अर्धा रोल! ही पिढीच अर्ध्यावर समाधान मानणारी. उरलेला कोरा रोल फेकून द्यायचा? नाही म्हणालो. ती उठून बॅग भरायला गेली. तिला पटलं असावं.

१६ ऑगस्ट
उद्या आजी-नातीचा फोटो. मी नियम केला: उद्या घरात कुणीही फोनवर फोटो काढायचा नाही. एकाच फोटोचे दहा फोटो झाले की त्याची किंमत जाते. मेहुणा जेवायला येणार आहे, त्यालाही फोन करून बजावलं. तो म्हणाला, बरं भाऊजी. हीसुद्धा बरं म्हणाली. या घरात माझं सगळ्यांनी ऐकल्याची ही पहिलीच वेळ.

१७ ऑगस्ट, दुपारी
झकास झालं. आत्ताच लिहून ठेवतो.

आई सकाळपासून तयार. ठेवणीतले कपडे, पावडर, चष्मा पदराने पुसून चकाचक. मी हॉलच्या भिंतीपुढे दिवाण ओढला, उजेड तिथे चांगला येतो. ओल दिसते, पण ती मागे. फोटो माणसांचा आहे.

आईने बसल्या बसल्या पोरीला जवळ ओढलं, गालाला गाल लावला. दोघींचा मिळून एकच गोळा. मी म्हटलं, असं नाही, हे फोनवरचं झालं. जरा सुटसुटीत बसा. मध्ये हातभर जागा पाहिजे, त्याशिवाय फोटोला भारदस्तपणा येत नाही.

आई म्हणाली, "अरे, जाईपर्यंत तरी बसू दे की जवळ."

म्हटलं, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. मग सरकल्या बिचाऱ्या. लेक म्हणाली, बाबा, अर्धं दाबलंत ना? तोवर मी पूर्ण दाबून मोकळा झालो होतो. पाठोपाठ आणखी दहा काढले. आईने अकराही वेळा डोळे उघडे ठेवले, पापणी हलू दिली नाही. नंतर डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाली, ताणून धरले होते.

मेहुणा सोफ्यावर फोन पालथा घालून गप्प बसला होता. चेहरा बघण्यासारखा.

२१ ऑगस्ट
रोलमध्ये काही फोटो उरलेत. लेक पुन्हा म्हणाली, आहे तसा देऊन टाका ना, जाताना मला फोटो नेता येईल. मी समजूत काढली. उरलेले फोटो निरोपाच्या वेळचे. रोल पूर्ण होईल, मग धुवून सगळे एकदम पोस्टाने. तिने बॅगेत कपड्यांमध्ये एक रिकामी फ्रेम ठेवली आहे. फुटू नये म्हणून स्वेटरमध्ये गुंडाळली. मी पाहिलं.

प्लंबर: ती गेल्यावर. आत्ता घरात राडा नको.

२४ ऑगस्ट
बस वेळेवर सुटली. एरवी कधी सुटत नाही.

शेवटचा फोटो खिडकीत बसलेल्या लेकीचा. बटण दाबलं आणि रोल संपला. कॅमेरा घुर्र करत रोल आपोआप मागे गुंडाळायला लागला. मी हातातल्या कॅमेऱ्याकडे बघत राहिलो, काही बिघडलं की काय म्हणून. मान वर केली तेव्हा बस फाटकातून बाहेर पडली होती. ही आणि आई हात हलवत होत्या. माझा राहिला.

घरी आल्यावर तिच्या खोलीत गेलो. पंखा चालूच होता. बंद केला. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण फोटो आहेत.

२९ ऑगस्ट
फोटो आले.

प्रथम तांत्रिक बाजू. फोकस अप्रतिम आहे. हॉलच्या भिंतीवरच्या ओलीचा एकेक पापुद्रा मोजता येतो. कडेची पिवळी रेघ, मधली बुरशी, स्विचबोर्डाचा सैल झालेला स्क्रू, सगळं. अकराच्या अकरा फोटोंत. दुकानातल्या फोटोंत शोकेसमधल्या फ्रेमवरचे आकडेसुद्धा वाचता येतात.

माणसं जरा मऊ आली आहेत.

म्हणजे आई कुठली आणि लेक कुठली ते कळतं. उंचीवरून.

बसच्या फोटोत तिच्या मागे, बसच्या आत लिहिलेली सूचना स्पष्ट आहे: खिडकीतून हात बाहेर काढू नये.

ही बराच वेळ अकरा फोटो हातात धरून बसली. ओरडेल असं वाटलं. म्हणाली, "त्या दिवशी आम्ही खरंच कुणी फोनवर काढला नाही हो." आणि आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३० ऑगस्ट
आईने फोटो मागितला. देणं भाग होतं. तिने पाहिला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा काढून पुसला. पुन्हा पाहिला. मग मला म्हणाली, "अरे, माझा नंबर वाढलाय का रे?"

मी म्हणालो, हो, वाढला असेल. उद्या दुकानात ये, बघू.

असं का म्हणालो कळत नाही. मन दुखावू नये म्हणून. तिचंच.

३१ ऑगस्ट
आई रिक्षाने दुकानात आली. दोन जिने चढून, धापा टाकत. नंबर काढणाऱ्या बाईंनी नीट तपासलं. नंबर तोच. अगदी खालची ओळसुद्धा आईने धडाधड वाचली. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी बिलबुकात तोंड घातलं.

आईने पिशवीतून फोटो काढून पुन्हा बघितला, मग काउंटरवर माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "मग चष्मा याला लाव." काचा बसवणारे काका हसले. आई हसली नाही.

५ सप्टेंबर
लेकीचा फोन. नोकरी बरी आहे, खोली बरी आहे. फ्रेम टेबलावर मांडली आहे, रिकामी. फोटो कधी येतोय?

पोस्टाच्या कारभारावर मी थोडं बोललो. मग प्रिंटच्या कागदाबद्दल. मग विषय संपले आणि खरं सांगून टाकलं. ओल स्पष्ट आहे, तुम्ही दोघी नाही.

 तिकडे टेबलावर फ्रेम सरकवल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "पाठवा तोच. आजी कुठल्या बाजूला बसली होती ते तर कळतं ना?"

कळतं, म्हणालो. डावीकडची आजी.

६ सप्टेंबर
फोटो पोस्टात टाकला. मागे बारीक अक्षरात लिहिलं: डावीकडे आजी.

दुपारी प्लंबरला फोन केला. पूर्ण नंबर दाबून. तो म्हणाला, ओल कितपत आहे, एखादा फोटो पाठवता का?

माझ्याकडे दहा आहेत.