देवासमोर ठेवलेल्या माश्या

तलासरी,
१९ मे २०१७

तीर्थरूप मामांना धनेशचा साष्टांग नमस्कार.

उन्हाळा सोडला तर आई आणि मी इकडे सुखरूप आहोत. तुमच्या गुडघ्याची सूज उतरली असेल, मामींनी सांगितलेला शेक तुम्ही खरोखर घेत असाल (मामी म्हणतात, घेत नाही) आणि रानशेतच्या विहिरीला अजून पाणी असेल, अशी आशा करतो. फोनच करणार होतो. पण फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला रागावता आणि माझी पुढची वाक्यं राहून जातात. गेल्या रविवारी आशागडला निधीला पाहायला गेलो तेव्हा काय झालं, ते आईने तुम्हाला सांगितलंच आहे. तिने सांगितलेलं सगळं खरं आहे. फक्त क्रम चुकला आहे आणि एक गोष्ट गाळली आहे.

गाळलेली गोष्ट आधी लिहितो. मुलीकडे न्यायचे पेढे आईच्या पिशवीत होते आणि ती पिशवी एसटीत राहिली. त्यामुळे आम्ही निधीच्या वडिलांच्या, गोविंदरावांच्या, ओटीवर चढलो तेव्हा आम्हा दोघांत मिळून एकच डबा होता, आणि तो कॉलेजचा होता. त्यात माश्या होत्या. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी जी बारीक चिलटं असतात, त्याच. आमच्या ऋचा मॅडम त्यांच्यावर पीएच.डी. करतात आणि मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे (बारावीला राहिलेल्या माणसाला यापेक्षा वरचं पद मिळत नाही, हे तुम्ही मुलीकडच्यांना सांगायला हवं होतं). निम्म्या माश्यांना सदतीस अंशांवर तापवायचं, उरलेल्या निम्म्यांना पंचवीस अंशांवर गार ठेवायचं आणि दोघींच्या पेशींत काय फरक पडतो ते बघायचं, असं ते काम. तापवायला मॅडमनी मोठं यंत्र मागवलं आहे. मे महिन्यात तलासरीला पंखा बंद केला की तेवढं फुकट होतं, हे मी त्यांना अजून बोललेलो नाही. खरी अडचण गारव्याची. रविवारी दिवसभर वीज जाणार होती, म्हणून गार माश्यांच्या तीन नळ्या बर्फाच्या पिशवीसकट थर्मोकोलच्या डब्यात घालून डहाणूला मॅडमच्या मैत्रिणीच्या एसीत नेऊन ठेवायच्या होत्या. मैत्रीण सहानंतर भेटणार आणि तुम्ही ठरवलेली वेळ चारची. म्हणून डबा आधी आशागडला आला. त्यावर मी ‘उभे ठेवावे, उन्हापासून जपावे’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मिठाईवरही तसंच लिहितात, हे मला तेव्हा सुचलं नाही.

निधीच्या आईने, म्हणजे बकुळाकाकूंनी, डबा माझ्या हातातून घेतला आणि पाहुण्याने आणलेलं आधी देवाला, म्हणून आत नेला. मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं. आईने माझा पाय दाबला. (पेढे राहिल्याचं तिला त्याच क्षणी आठवलं होतं. हे तिने तुम्हाला सांगितलं नसणार.) आत काकूंनी गळणारी बर्फाची पिशवी काढून मोरीत ठेवली आणि डबा उघडा करून देवापुढे, पेटत्या समईशेजारी ठेवला. त्यांचे देव स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूच्या कोनाड्यात आहेत आणि गॅसवर पोहे होते. बाहेर गोविंदराव मला पगार, शिक्षण आणि पुढचा विचार विचारत होते. माझं सगळं लक्ष आतल्या तापमानाकडे लागलं होतं. पुढचा विचार काय, या प्रश्नाला मी ‘पंचवीस अंश’ असं उत्तर दिलं. ते त्यांनी वय समजून मान्य केलं.

मग काकू डबा ताटात ठेवून बाहेर आल्या. नळ्यांवर कुंकू होतं. हल्ली मिठाई अशीही येत असेल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी एका नळीचा कापूस ओढला. माश्या पोह्यांवर गेल्या नाहीत, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्या चिकूच्या फोडींवर गेल्या.

“हे काय?” गोविंदराव म्हणाले.

मी खरं ते सांगितलं. त्यांच्या बागेत किडीने या वर्षी किती चिकू नासले हे तुम्हाला ठाऊक आहे, आणि मुलगा किडींचा डॉक्टर होतोय असं त्यांना कोणी सांगितलं, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

“आम्ही ज्यांच्यावर फवारे मारतो, त्यांना तुम्ही खाऊ घालता?”

मी म्हणालो, या त्या नव्हेत; या झाडावरच्या चांगल्या फळाला तोंड लावत नाहीत, फक्त नासायला आलेल्यावर बसतात. समोर त्यांच्याच बागेतले चिकू होते आणि त्यांवर माश्या बसलेल्या होत्या. गोविंदरावांनी फोडींची बशी आपल्यापासून दूर सरकवली.

निधीने मात्र विचारलं, की तापलं तर यांचं नेमकं काय होतं. मी सांगितलं, की पेशीत जनुकांच्या नकला उतरवायचं काम सतत चालू असतं आणि त्या नकलेवरून पेशीला लागणारा माल तयार होतो. ताप वाढला की रोजच्या बहुतेक नकला थांबतात आणि पेशीला वाचवणाऱ्या मोजक्या जनुकांच्याच भराभर निघतात. लग्नाच्या मांडवाला आग लागली की आचारी जिलेबी सोडून पाणी ओततो, तसं. ती म्हणाली, “मग गार झाल्यावर त्याला जिलेबी आठवते का?” मी म्हणालो, फार वेळ तापलं नसेल तर हळूहळू आठवते. यावर ती हसली. आईचं म्हणणं, ती मला हसली. मला तसं वाटत नाही, पण माझा अभ्यास कमी आहे.

‘कळवतो’ एवढंच म्हणून गोविंदरावांनी आम्हाला निरोप दिला. त्यांची काहीच चूक नाही. मी या स्थळातून माघार घेतो, असं तुम्ही त्यांना कळवावं. नकार देण्याचा त्रास त्यांना नको.

तुमचा आज्ञाधारक,
धनेश

ता. क. : तीनपैकी एकच नळी रिकामी झाली, पण डहाणूला पोहोचल्यावर डब्यात एकच भरलेली निघाली. तिसरी आशागडलाच आहे. ती कॉलेजची मालमत्ता असल्यामुळे आणायला हवी. उत्तर यायच्या आधी मुलाने एकट्याने जाणं बरं दिसत नाही, म्हणून येत्या रविवारी तुम्ही सोबत यावं. गुडघ्यासाठी रिक्षा ठरवतो.

ता. क. दुसरा : मॅडम म्हणाल्या, समईजवळ तापलेल्या माश्या आता त्यांच्या काही कामाच्या नाहीत, नळी तिथेच राहिली तरी चालेल. तरी रविवारी यावं.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवणार तेवढ्यात निधीचा फोन आला (बायोडाटावर नंबर तुम्हीच घातला होता). नळी चुकून राहिली नव्हती, तिने ठेवून घेतली होती. “तुमच्या माश्यांना जिलेबी आठवली,” म्हणाली. “अंडी घातलीत. बाबांना दाखवली. केळं त्यांनीच आणून दिलं.”

वर माघारीबद्दल एक वाक्य आहे. पत्रात खाडाखोड केलेली मला आवडत नाही, म्हणून ते तसंच राहू दिलं आहे. तुम्ही ते आपल्या हाताने खोडावं.