मेलेल्यांना हसवायची यादी

अप्पा, रविवारी दुपारी केबलवर पुन्हा तो राजाचा सिनेमा लागला. शेजारची बाई कुंपणावरूनच ओरडली, "काकू, काका आलेत बघा टीव्हीवर, या लवकर!" आई पिठाच्या हातांनी तशीच धावत आली. तुम्ही दिसता ते दीड-दोन सेकंद. लाल पागोटं, छातीत बाण, तोंड थोडं उघडं. मग मध्ये घोडा येतो आणि त्या राज्याचं पुढे काय होतं त्याच्याशी आमचा संबंध उरत नाही. पण आई उठत नाही. बंडवाले किल्ल्यात शिरतात, राजाचा धाकटा भाऊ सिंहासनावर बसतो, नावं वर सरकतात, साबणाची जाहिरात सुरू होते, तरी ती बसलेलीच. "हसल्यालं दाखवीत न्हाईत की रे," म्हणते. मी दर वेळी सांगतो, "ते कापतात, आई." तिचं उत्तरही ठरलेलं. "कापलं तरी कुठंतरी पेटीत असंलच की." बारा वर्षं हे असंच चाललंय.

क्रमाने लिहितो. क्रम सोडून लिहायला मला जमत नाही हे तुम्हाला माहीत आहे. बेंगळूरचे सिनेमावाले अळणावर गावाच्या पुढे जंगलाकडेच्या माळावर उतरले होते. गोष्ट एका राजाविरुद्ध त्याच्याच माणसांनी उठवलेल्या लढाईची होती आणि लढायला आपल्या आसपासची गावं होती. लाल पागोटं राजाचं, पांढरं बंडवाल्यांचं. नववीत माझी शाळा सुटली असली तरी अक्षर स्वच्छ होतं, म्हणून कोणाला कुठलं पागोटं, कोण जिवंत, कोण मेला, याची वही माझ्याकडे आली. मंगळवारी मेलेला माणूस बुधवारी तलवार घेऊन पळताना दिसू नये, एवढंच माझं काम. एका घरातला थोरला लाल, धाकटा पांढरा, आणि दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायचे. तुम्ही लाल घेतलंत. पांढऱ्यांपैकी कोणीतरी तुम्हाला चिडवलं, "अप्पा, राजा हरणार हाय, कागदावर लिवलंय. हिकडं या की." तुम्ही म्हणालात, "हरू दे की. एकदा डोक्याला बांधलं ते बांधलं. मी काय रोज पागोटी बदलत बसू?"

मरायचं आहे म्हटल्यावर आई मात्र अडून बसली. खोटं असलं तरी मरणाचं सोंग नको, म्हणाली. मग ज्यांनी मला वही दिली होती ते सिनेमावाल्यांचे व्यवस्थापक आपल्या घरी आले. मूळचे हुबळीचे, विद्यानगरचे, दोन्ही भाषा सारख्याच बोलणारे. आईने दिलेला चहा बशीत ओतून पीत त्यांनी समजावलं, "अक्का, आमच्यात रीत आहे. जो मरतो त्याला हसवल्याशिवाय आम्ही सोडत नाही. कॅमेऱ्यासमोर हसला की ते मरण अंगाला लागत नाही." आई माझ्याकडे वळली. "वही तुझ्याकडं हाय न्हवं? मग ह्यांना हसल्याबिगर सोडायचं न्हाई." मी हो म्हणालो.

त्या दिवशी बेचाळीस जण मरायचे होते. तुम्ही उताणे पडलेले आहात, नाकावर माशी बसली आहे, आणि तुम्ही पापणी हलवत नाही. मला त्या माशीचाच राग येतो आहे. प्रसंग संपला, सगळ्यांना चहा मिळाला, ऊन उतरायला लागलं, आणि कॅमेऱ्याजवळून आरोळी आली, "सत्तवरेल्ला नग्री!" मेलेल्यांनो, हसा सगळे! आधी कोणालाच हसू येईना. मग एकाची चिकटवलेली मिशी चहाच्या कपात पडली आणि माळभर खरंखुरं हसू पसरलं. मी मोजलं. पुन्हा मोजलं. एकेचाळीस. तुम्ही नव्हता. तुम्ही कामाला होता त्या वखारीत लाकडाची लॉरी आली होती, सायकलवरून माणूस बोलवायला आला होता, आणि तुम्ही रंगाच्या रक्तासकट त्याच्या मागे बसून गेला होता.

व्यवस्थापकांनी विचारलं, "यादी पूर्ण का रे? एक जरी राहिला असेल तर सांग, कॅमेरा ठेवतो, बोलावून आण." त्यांनी सकाळीच मला म्हटलं होतं की आज यादीत चूक नसेल तर ते मला बेंगळूरला घेऊन जातील, असा बारकाईचा माणूस त्यांना हवाच आहे. मी "पूर्ण" म्हणालो आणि तुमच्या नावापुढे खूण केली. खूण इतरांसारखीच सरळ आली.

घरी आईने पहिलं तेच विचारलं. "हसलासा न्हवं?" तुमच्या मानेवर अजून तो लाल रंग होता. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी ताटातल्या भाताकडे. मग तुम्ही म्हणालात, "हसलो की. पोट दुखेस्तोवर." त्यानंतर तुम्ही मला कधी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. सात महिन्यांनी वखारीतच तुमच्या छातीत कळ आली. धारवाडला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुमचं तेरावंही झालं नव्हतं आणि एसटीडी बूथवर मला बेंगळूरहून निरोप आला, लगेच निघ. वखारीच्या मालकांचा निरोप त्याच्या आदल्या दिवशी आला होता, जागा तुमच्या घरचीच आहे, उद्यापासून बैस. मी बसलो. तुमच्याच स्टुलावर, ओंडक्यांवर खडूने आकडे घालत. सकाळी आठला जातो, सहाला येतो. मधल्या वेळात अळणावर स्टेशनातून गाड्या सुटल्याचं ऐकू येतं.

न हसल्याने छातीत कळ येत नाही हे मला कळतं. डॉक्टरांनी विड्यांचं कारण सांगितलं होतं, तेही पटतं. पण आई टीव्हीसमोर बसली की माझं हे कळणं उपयोगाचं राहत नाही. तिला खरं सांगावं तर ती आधी मला दोष देईल आणि मग तुमच्यापाशी येईल, की ह्यांनी का खोटं बोलावं. तुम्ही मला पाठीशी घातलंत आणि त्यामुळे माझी बाहेर यायची वाट बुजली. न सांगावं तर कोणी काढलेलंच नाही ते चित्र ती पेटीत शोधत राहणार.

आत्ताच तिने आतून विचारलं, "कुणाला एवढं लिहायलास?" मी म्हणालो, "वखारीची यादी आहे." तिला वाचता येत नाही, त्यामुळे हे कागद लपवण्याचीही गरज नाही. पाठवायचे तर नाहीतच. यादी अपुरी दिसेल या भीतीने मी खूण केली असं मी स्वतःला आजवर सांगत आलो. तसं नव्हतं, अप्पा. तुम्ही सायकलवर बसताना मी पाहिलं होतं. तुम्ही हाकेच्या अंतरावर होता. पण तुम्ही मागे फिरला असता तर व्यवस्थापकांनी बेंगळूरचं तुमच्यासमोर काढलं असतं, आणि तुम्ही नको म्हणाला असता. हाक तोंडात आली होती. मी वहीत मान घातली.