शीतगृहातली सफरचंदं

प्रिय धाकटे,

शाळेच्या चॅपेलमधली ती पितळी फुलदाणी आठवते का तुला? शनिवारी दुपारी तू देठ तिरके कापायचीस, मी पाणी बदलायचे, आणि मदर सुपीरियर दारातूनच म्हणायच्या, दोघींपैकी एकीला तरी जमतंय. ती एकी कोण, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पन्नास वर्षं झाली, आपण अजून तेच ठरवतो आहोत. असो. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींना नमस्कार, सूनबाईला आशीर्वाद. मी बरी आहे. सकाळी पाठ धरते, दुपारपर्यंत सोडते.

पत्राचं कारण म्हणजे, तुझंही फुलांचंच दुकान, तेव्हा फुलवाल्यांच्या संघटनेत येण्याचे फायदे तुला सांगायचे आहेत. तू मागे म्हणालीस, दहा फुलवाले जमले की अकरा मतं आणि गार चहा. चहा खरंच गार असतो. मतांचा आकडा तू कमी धरलास.

पहिला फायदा सामायिक शीतगृहाचा. माझ्या दुकानातल्या जुन्या फ्रिजमध्ये उन्हाळ्यात गुलाब दुपारपर्यंत माना टाकायचे, बीजगणिताच्या तासाला आपण टाकायचो तशा. मागचा उन्हाळा मी कसाबसा काढला, पुढचा निघाला नसता. आता बाजारामागच्या शीतगृहात मला दोन फळ्या मिळाल्या आहेत, त्यांवर हिरव्या रंगात माझं नाव आहे. (दुकानावर अजून बाबांचंच आहे, त्यामुळे मी रोज एकदा उगीचच फळ्या बघून येते.)

दुसरा फायदा माणसांचा. लिलीचे पराग साडीवर पडले तर ओल्या फडक्याने पुसायचे नसतात, हे ज्यांना सांगावं लागत नाही अशी माणसं मला तीस वर्षांत पहिल्यांदा भेटली. त्यातले अध्यक्ष फार सज्जन. फळ्या त्यांनीच मिळवून दिल्या. आभार मानायचे, पण फुलवाल्याला फुलं काय द्यायची? म्हणून टोपलीभर सफरचंदं घेतली, चांगली पिकलेली, घमघमणारी, आणि वर त्यांच्या नावाचं कार्ड खोचलं. ते सोमवारपर्यंत बाहेरगावी होते. फळं ताजी राहावीत म्हणून टोपली शीतगृहात ठेवली.

आता तू कपाळाला हात लावला असशील. पिकलं फळ फुलांशेजारी ठेवलं की फुलं मरतात, हे आपण शाळेतच शिकलो, तू लपवलेलं सफरचंद मदरना फुलदाणीमागे सापडलं तेव्हा. मला ते आठवलं सोमवारी सकाळी, दारात. अकरा सभासदांची कार्नेशनची फुलं डोळे मिटून उभी होती, प्रार्थनेच्या वेळी वर्ग उभा राहतो तशी.

कुणीतरी टोपली वर उचलली आणि कार्डावरचं नाव वाचलं. सगळे अध्यक्षांकडे वळले. "साहेब, तुम्हीसुद्धा?" पुष्पगुच्छवाल्या बाईंनी विचारलं. अध्यक्षांनी कार्ड हातात घेतलं, खालची माझी सही पाहिली, कार्ड खिशात घातलं आणि म्हणाले, "हो, माझीच आहे." मी तेवढ्यावर गप्प बसू शकले असते. (मिनिटभर बसलेही.) पण चॅपेलमध्ये तू पुढे होऊन "माझं आहे" म्हणाली होतीस, ते आठवलं, आणि मी हात वर केला. कुणी ओरडलं नाही. बाईंनी गार चहा पुढे केला. हा तिसरा फायदा, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

दुकान सांभाळ, गुडघा सांभाळ. येऊन जा.

तुझी,
ताई

ता. क. समितीने मला माफ केलं आहे, एका अटीवर. माझी हमी घेणारा आणि माझ्या फळ्यांवर नजर ठेवणारा एक नवा सभासद मी महिनाअखेरपर्यंत आणायचा, नाहीतर फळ्या परत. त्याला फुलं आणि फळं यांतला फरक कळत असावा, असं ठरावात लिहिलं आहे. मी मदरचं वाक्य बरेच दिवस मनात घोळवते आहे. ती एकी तू होतीस.

ता. ता. क. सोबतच्या पार्सलमधला अर्ज तुझा. सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे. रेशमी फिती सूनबाईला. आईची कात्री तुला, कारण तिरके देठ तूच कापतेस. सफरचंदं भाऊजींना. टोपली तीच आहे, दुकानातून नेऊ नकोस, मागच्या दाराने घरात ने.