राक्षसाचे उरले सात

रवि. २ नोव्हें.
पन्नाशीत राक्षस मारायला बसली मी! पल्लवीच्या नादानं. ताईची पोरगी, सानगडीत माझ्याकडं राहते, बँकेच्या परीक्षेचा अभ्यास म्हणे. अभ्यास कमी, दर रविवारी मंगेशच्या घरी फाशांचा खेळ जास्त. मंगेश गोष्ट सांगतो, आपण त्यातली माणसं. प. वैदीण, नाव चंपा. मी कुऱ्हाडवाली.
आज पार इज्जत गेली. वीसबाजूचा फासा टाकला, १७. बाराबाजूचा, ५. ताकदीचे ३. राक्षसाचा जीव २५. बेरीज बरोब्बर २५! ओरडली मी, "मेला! पल्ले, ये पुढं!" ती आलीही.
मंगेश म्हणे, "मॅडम, डॅमेज फक्त आठ. सतरा त्यात नाही धरत."
राक्षस उभाच. चंपाले असा हाणला का तिचा जीव उरला दोन. बोललेली चाल मागं नाही, मेला तो मेला, हे मंगेशचे नियम.
अठ्ठावीस वर्षं गणित शिकवून राहिली मी!!

सोम. ३
प. बोलत नाही. एकदाच म्हणाली, "वर्षभरापासून खेळून राहिली मी चंपाले, मावशी."
भाजी अळणी झाली, तरी गुपचूप जेवली. भांडली असती तर बरं.

मंगळ. ४
नियमांची झेरॉक्स आणली. तीनदा वाचली. आधी वार लागला का ते पाहायचं, मग डॅमेजचा फासा. शब्द समजतात. पण काहून? १७ सारखा दणदणीत आकडा, तो वाया?
आठवी ब मध्ये एका पोरीनं तेच उदाहरण तिसऱ्यांदा विचारलं. तोंड उघडलंच होतं ओरडायला. नाही ओरडली.

गुरु. ६
शाळा सुटल्यावर तलावाच्या पाळीवर गेली. मंगेश जाळं साफ करून राहिला होता. ह्यालाच मी भर वर्गात म्हणायची, डोक्यात भुसा भरला काय रे. दहा मिनिटं हवापाण्याचं बोलली. शेवटी म्हटलं, "मंगेश, मले नाही समजलं."
"काय नाही समजलं, मॅडम?"
"सगळंच."
हसला मेला. मग जाळं फेकलं. काय सुरेख गोल पडलं! ओढलं, तर चार झिंगे.
"फेक चांगली होती ना मॅडम? फेक वेगळी, जाळ्यात आलं ते वेगळं. वीसचा फासा म्हणजे फेक. राक्षसाले लागते ते जाळ्यातलं."
"आन् ताकदीचे तीन?"
"ते दोन्हीकडं. हात तर तुमचाच ना."
बस, एवढंच! दोन रात्री डोकं फोडलं मी. निघताना म्हणे, "आता छडी माझ्या हाती, मॅडम." झिंगेही दिले.

शनि. ८
प. ला बसवून वहीत मांडलं. कुऱ्हाड: बाराचा एक फासा, सरासरी साडेसहा. माझ्या कमरेला असते ती तलवार: सहाबाजूचे दोन, सरासरी सात, आणि दोनाच्या खाली जातच नाही. प. वाकून पाहत राहिली. "हे तर मलेही नव्हतं माहीत, मावशी." हं!
मग पंख्यावरून भांडली माझ्याशी. जीव भांड्यात पडला.

रवि. ९, मंगेशच्या घरूनच, दु. ४
घाईत लिहिते. पंचवीसातून मागचे आठ गेलेले, राक्षसाचे सतरा बाकी. पहिला वार कुऱ्हाडीचा, लागला. ७ अधिक ३, दहा. कुणाला न विचारता मोजले. राक्षसाचे उरले सात.
त्यानं लगेच चंपाले आडवं पाडलं. श्वास चालू, पण एकच फेरी. ह्या फेरीत राक्षस पडला नाही तर गेली. प. चा चेहरा उतरला.
सात हवेत, तीन ताकदीचे, म्हणजे फाशांवर चार. कुऱ्हाड चारातून एकदा कमी पडते. तलवार छत्तीसातून तीनदाच. तलवार काढली.
वीसचा: १६. लागला!
मंगेश म्हणे, "टाका मॅडम."
टाकले दोन्ही. एकावर १. दुसरा घरंगळत लोखंडी कपाटाखाली. तीन पाहिजे, तीन किंवा वर काहीही. खाली पडला तरी धरायचा, हाही मंगेशचा नियम. मी गुडघ्यावर बसली, मोबाईलचा टॉर्च लावला, तर प. नं हात धरला.
"थांब मावशी. चहा होऊ दे. तोवर जिवंत आहो मी."
मंगेशच्या आईनं चहा मांडला आहे. कपाटाकडं कोणीच पाहत नाही. प. नं माझा डावा हात अजून सोडला नाही.