पेटी नव्हे, क्लॅविकॉर्ड

मी, कुमारी प्रमोदिनी नरहर खोडे, वय वर्षे पंचवीस, शिक्षण बी. ए., धंदा शिक्षकी, राहणार सेलू, जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, कोणी न सांगता लिहून ठेवते. माझे दुखणे छातीचे आहे, डोक्याचे नाही. येत्या सोमवारी नागपूरच्या इस्पितळात माझ्या उजव्या बाजूच्या काही बरगड्या काढणार आहेत. त्यातून मी बहुतेक उठेन, असे डॉक्टर म्हणतात. त्यांच्या त्या 'बहुतेक'साठी हा कागद आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर व किराणा दुकान बाबांचे आहे. मुलीलाही वाटा असतो, हा नवा कायदा मी माधवदादाला दोनदा वाचून दाखवला आहे. पण बाबा हयात असताना मला त्यातले काही लिहून देता येत नाही, आणि हावही नाही.

२. पोस्टात जे शिल्लक असेल ते मी शिकवते त्या मुलींच्या शाळेला, पुस्तकांसाठी द्यावे. पुस्तके मुलींना घरी न्यायला द्यावीत. कपाटात ठेवून किल्ली हरवायची असेल तर देऊ नये.

३. माझे बी. ए. चे सर्टिफिकेट दादाने दुकानात साबणाच्या जाहिरातीशेजारी टांगले आहे. गिऱ्हाइकांना तो ते बोट करून दाखवतो. ते उतरवून बाबांना द्यावे. घरातली ही पहिली पदवी. बाबांना ती वाचता आली नाही, पण धुतलेल्या दोन्ही हातांनी त्यांनी ती धरली होती. पुढे लिहिलेल्या प्रसंगांत ते एकदाही माझ्या बाजूने बोलले नाहीत, हेही इथेच नोंदवते.

४. माझ्या चांदीच्या दोन वाट्या शोभा आत्याबाईंना. आई गेल्यावर त्यांनी मला वाढवले, हे मी विसरलेले नाही. पाचव्या कलमात लिहिले आहे तेही विसरलेले नाही.

५. खरे मृत्युपत्र इथून सुरू होते.

माझ्याकडे एक क्लॅविकॉर्ड, म्हणजे पट्ट्या दाबून वाजवायचे विलायती तारांचे वाद्य, आहे. एडिथबाई नावाच्या इंग्रज बाई हिंगणीजवळच्या शिक्षण केंद्रात सहा वर्षे होत्या. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका वाद्याचा नकाशा विलायतेहून मागवून त्यांनी हिंगणीच्या कवडू सुताराकडून त्याची हुबेहूब प्रतिकृती करून घेतली. अंग सागवानाचे. पट्ट्या फिक्या हळदूच्या आणि काळ्या शिसमाच्या, कारण हस्तिदंत बाईंना चालत नव्हता. कवडूला चौदा महिने लागले. दोनदा चुकले म्हणून त्याने स्वतःच दोनदा सगळे मोडले.

पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकाचे पितळी पाते तारेला टेकते आणि बोट उचलेपर्यंत टेकूनच राहते. म्हणून बोट किंचित हलवले तर सूरही हलतो. आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, आणि तो तिथे जाण्यासाठी नाहीच. एडिथबाईंनी मला चार वर्षे त्यावर त्यांच्याकडचे दोन-अडीचशे वर्षांपूर्वीचे संगीत शिकवले. त्यात एक सुरावट डाव्या हातात निघते, तीच थोड्या वेळाने उजव्या हातात येते, आणि दोघी एकमेकींना न तुडवता शेवटपर्यंत चालतात. आमच्या घरात असे कोणी कधी बोललेले नाही.

परत जाताना बाईंनी ते मला लेखी देऊन टाकले. त्या कागदावर कारकुनाने 'एक सागवानी पेटी, आतील तारांसह' असे लिहिले. मी दुरुस्ती सांगितली नाही. पुढचे सगळे त्या एका शब्दातून झाले. आपल्याकडे पेटी दोनच प्रकारची, एक सामान ठेवायची आणि दुसरी भजनात वाजवायची. घरी आल्यावर पहिले दोन उन्हाळे तिच्यावर पापड वाळले.

यंदा फेब्रुवारीत आष्टीचे रूपरावजी मुलाला घेऊन मला पाहायला आले. ते मार्केट कमिटीवर आहेत, म्हणून दादाला ही सोयरीक हवी होती. मुलगी पेटी वाजवते, असे त्याने कळवले होते. मी एडिथबाईंनी शिकवलेली एका संथ नाचाची सुरावट वाजवायला घेतली.

"सुरू कर न पोरी," रूपरावजी म्हणाले. तोवर माझे अर्धे वाजवून झाले होते.

"सुरू आहे," मी म्हणाले.

"मंग आवाज काऊन येत नाई? भाता फाटला काय?"

सगळे हसले. दादा सर्वांत मोठ्याने हसला. मुलगा सुपारी कातरत होता, त्याने सिनेमातले काही येते का विचारले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आत्याबाई दारातच उभ्या. "पमे, तुह्या पेटीत कोनं बोळा कोंबला व्हता वं? मी सारा ओढून काढला. आता पाय कशी वाजून राह्यली!"

तारांच्या डाव्या टोकाला लोकरी कापडाची लाल पट्टी असते, एका तारेवरून, एका तारेखालून विणलेली. बोट उचलताच ती तारेला गप्प करते. एडिथबाईंनी ती स्वतः विणली होती. आत्याबाईंनी तिने कंदिलाची काच पुसली. आता दाबलेला कोणताच सूर थांबत नव्हता. एकाच्या अंगावर दुसरा, भांड्यांची मांडणी पडावी तसा. शेजारणी जमल्या होत्या. "हे मस्त झालं बाप्पा!" म्हणत एकीने पोराला पट्ट्यांवर बसवले. मला किळस आली. हा शब्द मी शोभेसाठी लिहीत नाही. मी न्हाणीत जाऊन ओकले.

जुलैत माझे दुखणे निघाले. रूपरावजींनी ठरलेली सोयरीक मोडली, त्यात मला काही वावगे वाटत नाही. पण त्याच निरोपात ते म्हणाले, "पोट्टी राहू द्या, पेटी पाठवा. भजनाले कामी येईन." तारा फेकून तिच्यात भाता आणि हार्मोनियमचे सूर बसवणारा माणूसही त्यांनी आर्वीला पाहून ठेवला आहे. दादा हो म्हणून बसला.

"दादा, ते माझे आहे."

"तुले आता कायले पाह्यजे वं? तुह्या छातीत दम तं आहे काय?"

या वाद्याला छातीचा दम लागत नाही, हे त्याला मी चार वर्षे सांगते आहे. माझी ताट-वाटी या घरात वेगळी ठेवली आहे, माझा पेला कोणी उचलत नाही. माझ्या बोटांनी गुळगुळीत झालेल्या पट्ट्यांची मात्र यांना भीती वाटत नाही. जे रोगाला भितात त्यांना मी समजू शकते. जे रोगालाही सोयीप्रमाणे भितात त्यांची मला शिसारी आहे.

६. या कलमात मी प्रथम असे लिहिले होते: 'क्लॅविकॉर्ड माझ्या चितेवर ठेवून जाळावे.' ते मी खोडले आहे. खोडण्याचे कारण पुढे देते, म्हणजे नंतर कोणी शंका काढायला नको.

आज सकाळी साक्षीदार म्हणून मी कवडूला हिंगणीहून बोलावले. मजकूर वाचून दाखवला. सहाव्या कलमाशी त्याने टाक खाली ठेवला.

"मी सही नाई करत."

"का?"

"जाळाचं व्हतं तं बाभूळ सांगाची व्हती. चवदा महिने कायले घेतले माह्ये?"

"मग रूपरावजींच्या भजनात जाऊ दे?"

"थे बी नाई." तो उठला, झाकण उघडून आत पाहिले आणि विचारले, "लाल चिंधी कुठी हाय?"

कंदिलाजवळ होती, काजळीने काळी. त्याने मला ती धुवायला लावली, वाळल्यावर माझ्याकडून कशी विणायची ते विचारून घेतले, आणि त्याच्या जाड बोटांनी एक तार वर, एक तार खाली असे करीत दुपारपर्यंत विणली. जेवायला उठला नाही. गेल्या नऊ महिन्यांत माझ्याकडून हे काम झाले नव्हते. मी रागावून बसले होते.

म्हणून आता असे लिहिते: क्लॅविकॉर्ड, त्याच्या सर्व तारा, तारा पिळायची किल्ली व स्वरलिपीच्या वह्यांसह, कवडू सुतार, राहणार हिंगणी, याचे. माझ्या भावाचा, आत्याबाईंचा किंवा रूपरावजींचा त्यावर कोणत्याही शब्दाच्या आधारे हक्क नाही. कागदावर 'पेटी' लिहिले आहे असे कोणी म्हटल्यास हा कागद दाखवावा. आजच तो ते त्याच्या बैलबंडीत गवतावर ठेवून नेणार आहे. ज्याला मिळायचे त्याने साक्ष करू नये, म्हणून त्याची सही घेतलेली नाही.

७. या मृत्युपत्राप्रमाणे व्यवस्था आमच्या शाळेचे मुख्याध्यापक प्रभाकरराव यांनी पाहावी.

८. हे कलम कवडूच्या हट्टावरून घातले आहे. मेल्यावरच्या कागदात असले लिहीत नाहीत, हे मी त्याला समजावले. बैल जुंपता जुंपता त्याने विचारले, "बाई, तुमी वापस आल्या तं मले हे वापस द्या लागन काय?"

"द्यावे लागेल."

"मंग थे बी लिहा न. थेच पह्यले लिहाले पाह्यजे व्हतं."

तरी लिहिते: मी इस्पितळातून परत आल्यास कवडूने क्लॅविकॉर्ड मला परत द्यावे, आणि मी ते घ्यावे.

मजकूर मी वाचला, मला समजला, मान्य आहे. सहाव्या कलमातील खोडाखोड माझ्याच हातची.

सही: प्रमोदिनी नरहर खोडे

तिने आमच्यासमोर सही केली व आम्ही तिच्यासमोर केल्या:
१. प्रभाकर गणेश वैरागडे, मुख्याध्यापक, सेलू
२. डॉ. सदाशिव रामचंद्र मोघे, सेलू

मुक्काम सेलू, गुरुवार, ता. २८ नोव्हेंबर १९५७