बातम्या देणारी आई

प्रिय उम्मी,

अल्लाह तुझे हात शाबूत ठेवो. मी ठीक आहे, तू दिलेलं बसीसाचं भाजकं पीठ अजून पुरतंय. पण आज मला तुझ्याशी भांडायचंय.

विद्यापीठात मी आपल्या गावच्या बोलीवर काम करतेय. सांगितलं होतं ना, गालिचा विणताना बडबडतेस तशीच बोल आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठव? आणि तू वीस मिनिटं टीव्हीवरच्या बातम्यांसारखी किताबी अरबी झाडलीस! अगं, त्या भाषेत आपल्या घरात कुणी कधी मीठ तरी मागितलंय का? सरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "हायेत, तुझी आई मंत्री आहे का गं? पुन्हा आण."

शेवटी फोन बंद करायला मात्र विसरलीस. शेजारच्या झोहरा खालाला सांगत होतीस, "पोरगी गेली तरी हात दोघींचाच चहा टाकतो. मग एक ग्लास मोरीत ओतून द्यायचा." अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढंच आपल्या बोलीतलं.

ते मी सरांना ऐकवायच्या आधीच कापलं.

आता मुकाट्याने नवीन पाठव. बाबांचा गुडघा कसा आहे? आणि चहा ओतून देऊ नकोस. मीही इथे दोघींचाच टाकते, पण दोन्ही ग्लास मीच पिते.

तुझी वैतागलेली,
हायेत