तळघरातली भट्टी आणि मावशीची चूल

१२ ऑक्टोबर
तळघरात लाकडाची भट्टी बसली! तेलावर चालणाऱ्या जुन्या भट्टीला जोडून. तिची गरम हवा त्याच पाइपांतून खोल्याखोल्यांत जाणार. आजोबांनी बांधलेलं हे घर पहिल्यांदा उबदार होणार. बायकोची, अर्लीनची, अट आहे: या हिवाळ्यात कुडकुडावं लागलं, तर वसंतात घर विकून गावातल्या फ्लॅटमध्ये. म्हटलं, बाईसाहेब, फ्लॅट विसरा.
स्वयंपाकघरातली लोखंडी चूल, ते जागा खाणारं धूड, समोरच्या आइलीमावशीला देऊन टाकली. "रूडी, नीट विचार केलास ना रे?" म्हणाली. वय झालंय तिचं.

३ नोव्हेंबर
लाकडं फुसफुसतात, टोकांतून पाणी गळतं. अर्लीनच्या मते ओली आहेत. ओली नाहीत, ताजी आहेत. भाजी घेताना बरी हिला ताजीच लागते.

२२ नोव्हेंबर
शेजारच्या विल्बर्टकडून थोडं वाळलेलं लाकूड उसनं आणलं. घर इतकं तापलं की अर्लीन खिडकी उघडून बसली. बाहेर बर्फ! चर्चमध्ये प्रार्थनेनंतरच्या कॉफीला सगळ्यांना जाहीर आमंत्रण दिलं: वादळात लाइट गेली तर खुशाल आमच्याकडे या. लाकडाला वीज लागत नाही.

१४ डिसेंबर, दुपार
वादळ. लाइट गेली. आता बघाच! भट्टी तोंडापर्यंत भरली.

तोच दिवस, जरा वेळानं
हवा ढकलणारा पंखा विजेवर चालतो. हे मला कुणी सांगितलं नाही. अर्लीन म्हणते, मॅन्युअलच्या पहिल्याच पानावर आहे. पहिलं पान कोण वाचतं?
वर बर्फाचं घर, खाली भट्टी लालबुंद. घाबरून निखारे फावड्यानं बादलीत काढले आणि अंगणातल्या बर्फात ओतायला लागलो. तेवढ्यात ब्लँकेटं आणि वाटाण्याचं सूप घेऊन मंडळी हजर. विल्बर्ट म्हणाला, "अरे, आम्ही ऊब घ्यायला आलो आणि तू ती बाहेर फेकतोयस?"

१५ डिसेंबर
अख्खी वस्ती मावशीच्या स्वयंपाकघरात. चुलीवर सूप, चुलीभोवती मोजे. चूल माझीच, हे मी दोनतीनदा सांगून पाहिलं. मीही माझी लाकडं नेली. मावशीनं दोन ओंडके एकमेकांवर वाजवून पाहिले आणि मोज्यांशेजारी वाळत ठेवले.
अर्लीन हसून हसून रडली. डोळे पुसत म्हणाली, "ही चूल घरी परत आली, तर घर विकायचं नाही." इतका आनंद झाला की तिथेच चूल कशी उचलायची ते बघू लागलो. चटका बसला.
मावशी म्हणाली, "नेशील रे. वसंतापर्यंत माझी शेड लाकडांनी भर, मग ने. आणि रूडी, वाळलेली हवीत. ताजी नकोत."
अर्लीननं सगळं सांगितलेलं दिसतंय.
उद्या सकाळीच विल्बर्टकडे जातो. मागचं उसनं लाकूड अजून परत केलेलं नाही, पण तो मनाचा मोठा आहे.